मानसिक आघाताचा अभ्यास करताना

मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात मानसिक आघात हा विषय बहुधा अपसामान्य मानसशास्त्राच्या पुस्तकातील एका प्रकरणापुरता येतो, समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तो संकटकालीन मदतीच्या निमित्ताने शिकवला जातो आणि नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मनोविकारांच्या काही तासिकांत आटोपतो. प्रत्यक्षात मात्र पदवी घेऊन शाळेत, रुग्णालयात, बालगृहात किंवा न्यायालयाच्या आवारात कामाला लागणाऱ्या व्यक्तीसमोर अगदी सुरुवातीपासून आघात सोसलेली माणसे येऊ लागतात. परीक्षेपुरते मिळालेले ज्ञान आणि प्रत्यक्षात लागणारी तयारी यांतील हे अंतर विद्यार्थिदशेतच बऱ्याच प्रमाणात भरून काढता येते. त्यासाठी या विषयाच्या गाभ्याशी असलेली एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवावी लागते. आघाताच्या क्षणी माणसाच्या हातून स्वतःच्या शरीरावरचे, परिस्थितीवरचे आणि पुढच्या क्षणावरचे नियंत्रण हिरावले जाते, आणि म्हणून जी मदत ते नियंत्रण त्याच्या हाती परत देत नाही, ती कितीही सद्हेतूने दिलेली असली तरी अपुरी ठरते आणि पुष्कळदा अपायकारकही ठरते. ग्रंथालयातील वाचनापासून शेवटच्या वर्षाच्या प्रबंधापर्यंत विद्यार्थ्याने याच कसोटीवर आपले काम तपासत राहावे.

अभ्यासाचा आरंभ व्याख्येपासून करावा, कारण दैनंदिन बोलण्यात कोणत्याही त्रासदायक प्रसंगाला आता ‘ट्रॉमा’ म्हटले जाते. अमेरिकेत व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्य सेवांचे काम पाहणाऱ्या आणि ‘सॅमसा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय संस्थेने २०१४ मध्ये केलेली मांडणी सुरुवातीला उपयुक्त ठरते. तिच्यात घटना, त्या घटनेचा व्यक्तीने घेतलेला अनुभव आणि त्याचा टिकून राहिलेला परिणाम अशी तीन अंगे वेगळी केलेली आहेत. एकाच बसच्या अपघातातून वाचलेल्या दोन प्रवाशांपैकी एकाची झोप काही आठवड्यांत पूर्ववत होते, तर दुसऱ्याला वर्षभरानंतरही ब्रेकचा आवाज ऐकून घाम फुटतो, याचा अर्थ घटना समान असली तरी अनुभव व परिणाम भिन्न होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ७० टक्के माणसांना आयुष्यात कधी ना कधी आघातकारक ठरू शकणाऱ्या घटनेला सामोरे जावे लागते, परंतु त्यांपैकी सुमारे ५.६ टक्के लोकांनाच पुढे आघातोत्तर ताणविकृती, म्हणजे ‘पीटीएसडी’ जडते. हे दोन आकडे नेहमी एकत्र लक्षात ठेवावेत. पहिला आकडा आघाताची व्याप्ती दाखवतो आणि दुसरा माणसाची सावरण्याची ताकद दाखवतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी प्रत्येक दुःखी माणसात रुग्ण पाहू लागतो.

निदानाच्या दोन पद्धतींचा परिचय एकाच वेळी करून घेणे सोयीचे असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदान पुस्तिकेत आघातोत्तर ताणविकृती प्रथम १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत आली आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तिला चिंताविकृतींच्या गटातून काढून आघात व ताण यांच्याशी संबंधित विकारांच्या स्वतंत्र प्रकरणात ठेवण्यात आले. घटनेच्या आठवणी नकोशा रीतीने पुन्हा पुन्हा उसळणे, त्या घटनेची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे व विषय टाळणे, स्वतःविषयी व जगाविषयी विचार आणि भावना काळवंडणे, आणि शरीर सतत सावध, दचकरे राहणे असे लक्षणांचे चार गट तिच्यात दिलेले असून ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकल्याशिवाय निदान करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिने जटिल आघातोत्तर ताणविकृती हे स्वतंत्र निदान मान्य केले. वर्षानुवर्षे घरातील हिंसा सोसलेल्या किंवा दीर्घकाळ डांबून ठेवलेल्या व्यक्तीमध्ये मूळ लक्षणांच्या जोडीला भावना आवरता न येणे, स्वतःला तुच्छ मानणे आणि जवळीक टिकवता न येणे या अडचणीही आढळतात, याची दखल या निदानात घेतलेली आहे. पाठ्यपुस्तके बहुधा ‘डीएसएम’वर बेतलेली असतात, म्हणून ‘आयसीडी’मधील हा भाग विद्यार्थ्याने स्वतःहून वाचावा.

यानंतर इतिहासाकडे वळावे आणि तो घाईने उरकू नये. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शार्को आणि झाने यांनी उन्माद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेचा केलेला अभ्यास, पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ या नावाने वैद्यकीय नियतकालिकात वर्णिलेले सैनिक, १९४१ मधील अब्राम कार्डिनर यांचे युद्धजन्य मनोविकारांवरील पुस्तक, १९७४ मध्ये अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारपीडित स्त्रियांच्या अभ्यासातून मांडलेला लक्षणसमूह आणि व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी दिलेला लढा, हे टप्पे वाचताना एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. या विषयाचे ज्ञान सलगपणे वाढत गेलेले नाही. ते पुन्हा पुन्हा सापडले आणि पुन्हा पुन्हा विसरले गेले. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात याचे कारण सांगितले आहे: पीडितांचे म्हणणे ऐकून घेण्यास समाजाला भाग पाडणारी एखादी चळवळ उभी असते तोवरच हे ज्ञान टिकते. सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुन्हा नातेसंबंधात येणे असे सावरण्याचे तीन टप्पे मांडणारा हा ग्रंथ या विषयावर एकच पुस्तक वाचायचे असेल तर आजही प्रथम सुचवावा असा आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने मात्र तेथेच थांबू नये, कारण या इतिहासातील सैनिक, रुग्णालये आणि लढे बहुतांशी युरोप-अमेरिकेतील आहेत. फाळणीच्या काळातील अपरिमित हिंसेचा मानसिक अंगाने अभ्यास त्या काळात जवळजवळ झाला नाही; तो पुढे उर्वशी बुटालिया, वीणा दास यांच्यासारख्या इतिहास व मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी स्त्रियांच्या कथनांतून आणि मौनांतून उभा केला. मराठी वाचकाजवळ तर याहून जवळचा ऐवज आहे. ‘डीएसएम’च्या व्याख्येनुसार आघातकारक घटनेत मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांचा प्रत्यक्ष अनुभव वा धोका असावा लागतो, जन्मापासून रोज वाट्याला येणारी जातीय मानहानी, पाणवठ्यावरचा मज्जाव, वर्गात वेगळे बसवले जाणे, या गोष्टी त्या व्याख्येत बसत नाहीत. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ किंवा बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचल्यावर या व्याख्येची मर्यादा जितकी स्पष्ट होते तितकी ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातील टीपेने होत नाही. हे वाचन करताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळले पाहिजे: लेखकाला रुग्ण ठरवून त्याच्या पुस्तकातून लक्षणे वेचत बसणे हा त्या लेखनावर अन्याय आहे, कारण ही माणसे आपल्या दुःखाची कारणे आणि त्याला जबाबदार असलेली व्यवस्था स्वतःच, आणि निदानशास्त्रापेक्षा अधिक नेमकेपणाने, सांगत असतात.

आपत्तीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने किल्लारीच्या भूकंपापासून सुरुवात करावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. मृत्यूचे प्रमाण एवढे मोठे असण्याचे एक कारण दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे हे होते. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला तेच झोपेत अंगावर कोसळले. तेव्हा वाचलेल्या माणसांच्या मनात घराविषयी बसलेली भीती ही केवळ आठवणीची भीती नव्हती, तर जगण्याच्या मूलभूत आधारावरचा विश्वास उडणे होते, आणि आघाताची व्याख्या समजावण्यासाठी याहून बोलके उदाहरण शोधावे लागत नाही. या प्रकरणाचा दुसरा भाग पुनर्वसनाचा आहे. अनेक गावे नव्या जागी, रुंद सरळ रस्त्यांच्या आखीव चौकटीत वसवली गेली. जुन्या गावातील दाटीवाटीच्या गल्ल्या, एकमेकांना लागून असलेले वाडे आणि त्यांतून आपोआप घडणारा शेजार त्या आराखड्यात उतरू शकला नाही, असे पुढील अभ्यासकांनी नोंदवले आहे. समुपदेशनाची कितीही सत्रे घेतली तरी तुटलेला शेजार त्यांतून परत मिळत नाही. म्हणून आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने घरांची रचना, भरपाईचे वाटप, विधवा व अनाथांच्या नावे झालेल्या जमिनीच्या नोंदी यांकडेही पाहावे, आणि नव्या गावाचा नकाशा ठरताना तेथे राहणाऱ्यांना किती विचारले गेले होते, हा प्रश्न अभ्यासाच्या केंद्रस्थानी ठेवावा.

आपत्तीच्या ठिकाणी धावून जाण्याची तरुण मनाची ओढ आदरणीय आहे, पण मदतीच्या नावाखाली काय करू नये हे या क्षेत्राने मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन दलासारख्या सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी मांडलेली ‘डिब्रीफिंग’ पद्धत, म्हणजे घटनेनंतर लगेच ती सविस्तर बोलून घेण्याचे सत्र, पुढे सर्व प्रकारच्या पीडितांसाठी सर्रास वापरली जाऊ लागली. मात्र अशा एकाच सत्राने पुढील विकार टळत नाही आणि काहींच्या बाबतीत तो वाढण्याचा धोका असतो, असे उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या ‘कोक्रेन’ आढाव्यात दिसून आले. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तीन साध्या क्रिया सांगते: परिस्थिती पाहणे, माणूस बोलेल तेवढे ऐकणे आणि त्याला कुटुंबाशी, अन्न-निवाऱ्याशी व सेवांशी जोडून देणे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीबरोबर दरड कोसळलेल्या किंवा पुराने वेढलेल्या गावात जाणाऱ्या विद्यार्थ्याने ही पुस्तिका आधी वाचावी. हरवलेल्या नातेवाइकाचा शोध घेण्यासाठी यादी तपासून देणे, स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी आडोसा करून देणे, ज्याला बोलायचे नाही त्याच्याजवळ न बोलता बसणे ही मानसिक आरोग्याचीच कामे आहेत, आणि ‘नेमके काय घडले ते सांगा’ हा प्रश्न त्या वेळी तेथे विचारण्याचा नाही.

येथून आघात-सजग सेवेच्या, म्हणजे ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’च्या कल्पनेकडे येता येते. मॅक्झिन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी २००१ मध्ये या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. आघातावरील उपचार आणि आघात-सजग सेवा या भिन्न गोष्टी आहेत, हा फरक विद्यार्थ्यांकडून फार वेळा निसटतो. उपचार प्रशिक्षित व्यक्ती एका रुग्णावर करते. आघात-सजगता हा संपूर्ण संस्थेच्या वागण्याचा गुण असतो आणि त्यात डॉक्टरइतकाच केसपेपर काढणारा कारकून, दारावरचा सुरक्षारक्षक आणि वॉर्डातील आया यांचाही वाटा असतो. आलेल्या कोणत्याही माणसाने काहीतरी सोसलेले असू शकते हे गृहीत धरून, त्याने ते सांगितले नाही तरी त्याला पुन्हा धक्का बसणार नाही अशी कामाची रीत बसवणे, एवढा तिचा आशय आहे. ‘सॅमसा’ने यासाठी सहा तत्त्वे दिली आहेत, त्यांत सुरक्षितता, विश्वासार्हता व पारदर्शकता, समदुःखी व्यक्तींचा आधार, सहकार्य, स्वतःचा आवाज व निवड, आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांची जाण यांचा समावेश होतो. ही तत्त्वे पाठ करून परीक्षेत गुण मिळतात. समजतात मात्र ती एखादी जिवंत व्यवस्था तपासून पाहिल्यावरच.

असे तपासण्यासारखे उत्तम उदाहरण भारतीय कायद्यातच आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे ‘पॉक्सो’, असे सांगतो की बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी नोंदवावा, शक्यतो उपनिरीक्षकाहून कमी दर्जाची नसलेली महिला पोलीस अधिकारी तो नोंदवील, आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावी. न्यायालयात बालकाला गरजेनुसार मध्ये मध्ये विश्रांती द्यावी, साक्षीसाठी वारंवार बोलावू नये, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जावेत आणि साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेस पडू नये, अशाही तरतुदी त्यात आहेत. गणवेश, खोली, प्रश्न विचारणारा आवाज अशा बारीक तपशिलांतून बालकाला किती सत्ता परत मिळू शकते, हे या कलमांवरून कळते. आणि जवळच्या विशेष न्यायालयात या तरतुदी कितपत पाळल्या जातात याचा शोध हा समाजकार्याच्या विद्यार्थ्यासाठी एका सत्राचा सकस प्रकल्प होऊ शकतो. याच दिशेने सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बलात्कारपीडित स्त्रीवर केली जाणारी ‘टू फिंगर’ चाचणी तिच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेतच सुरू झालेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष, तसेच मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात उभारलेले ‘दिलासा’ हे केंद्र, ही दोन उदाहरणेही मुळातून अभ्यासावीत. घरगुती हिंसा सोसणारी स्त्री समुपदेशन केंद्राची पायरी क्वचितच आपणहून चढते, पण जखमेवर टाके घालायला रुग्णालयात ती येतेच, हे ओळखून ‘दिलासा’ रुग्णालयाच्या आत उभे राहिले, यातच त्या रचनेचे शहाणपण आहे.

संशोधन वाचण्याची शिस्त हा यापुढचा भाग आहे आणि तो कंटाळवाणा वाटला तरी टाळता येत नाही. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची संख्या जसजशी वाढते तसतसे प्रौढपणी हृदयविकार, व्यसन, नैराश्य यांचे प्रमाण वाढते असा संबंध आढळला, आणि पुढे अशा अनुभवांविषयीच्या दहा प्रश्नांची यादी कार्यशाळांमधून वाटली जाऊ लागली. तो संबंध समूहाच्या पातळीवरचा आहे. एखाद्या मुलाचे गुण मोजून त्याचे भवितव्य सांगता येत नाही, आणि स्वतः अँडा यांनीही २०२० मध्ये सहलेखकांसह अशा वैयक्तिक वापराविरुद्ध इशारा दिला आहे. बेसल व्हॅन डर कोक यांचे ‘द बॉडी कीप्स द स्कोर’ हे २०१४ मधील पुस्तक वाचकप्रिय आहे आणि वाचनीयही आहे, परंतु त्यातील उपचारांपैकी कोणत्यांना भक्कम चाचण्यांचा आधार आहे आणि कोणत्यांना नाही, हे विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे पडताळावे. आघातावर केंद्रित बोधनात्मक-वर्तन उपचार, एडना फोआ यांची दीर्घ सन्मुखता पद्धत आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ‘ईएमडीआर’ यांच्या बाजूने पुरेसे पुरावे आहेत. मात्र या पद्धतींची नावे व तत्त्वे माहीत असणे आणि त्या वापरण्यास पात्र असणे यांत काही वर्षांच्या प्रशिक्षणाचे अंतर आहे.

पात्रतेचा प्रश्न येथे स्पष्ट शब्दांत मांडणे आवश्यक आहे, कारण या क्षेत्रात दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेनंतर ‘ट्रॉमा थेरपिस्ट’ अशी प्रमाणपत्रे देणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून तिच्याकडे नोंदणी करावी लागते. ही पात्रता दीर्घकाळ एम.फिल.मधून मिळत असे, परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. पदवी बंद केल्यापासून अभ्यासक्रमांची रचना बदलत असल्याने प्रवेशापूर्वी संबंधित संस्थेच्या मान्यतेची ताजी स्थिती परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी आणि संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. पदवीच्या टप्प्यावर विशेष प्रावीण्याची घाई करण्यापेक्षा विकासात्मक मानसशास्त्र, संख्याशास्त्र, मुलाखतीचे तंत्र आणि कायद्याचा प्राथमिक परिचय यांवर भर देणे अधिक शहाणपणाचे ठरते. भाषेची तयारीही लागते. वाचन इंग्रजीत होत असले तरी समोरचा माणूस छातीत धडधडते, हातपाय गळाले, पोराने धसका घेतला, अशा शब्दांत आपली अवस्था सांगतो, आणि ती ऐकताच पुस्तकी संज्ञेत बसवण्याऐवजी त्याच्याच शब्दांत नोंदवण्याची सवय विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी स्वतः आघात सोसलेला असतो, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. उलट अशा विद्यार्थ्याची समज अनेकदा इतरांहून खोल असते. मात्र स्वतःची जखम ताजी असताना तिच्याच प्रकारचा विषय प्रकल्पासाठी निवडू नये, उपचार चालू असतील तर उपचारकाशी त्याविषयी आधी बोलावे, आणि वर्ग हे उपचाराचे ठिकाण नाही हे विद्यार्थी व शिक्षक दोघांनीही मान्य करावे. स्वतःच्या आयुष्यातील कटू प्रसंग लिहून आणण्याचा किंवा गटात सांगण्याचा गृहपाठ देणे ही शिक्षकाची गंभीर चूक आहे. असा गृहपाठ मिळाल्यास पर्यायी विषय मागण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे आणि त्यामागचे कारण सांगण्याची त्याच्यावर सक्ती नसावी. आत्महत्या, बालकांवरील अत्याचार, जातीय हिंसा असे विषय येणार असतील तर त्याची सूचना आधीच्या तासिकेत द्यावी, चित्रफिती अचानक दाखवू नयेत आणि बाहेर जाऊन परत येण्याची मुभा असावी. कथने आणि साक्षी वाचण्याचे काम रात्री एकट्याने, सलग तासन्‌तास करू नये. दुसऱ्यांच्या आघाताच्या सतत सहवासाने मदतकर्त्याच्याच जगाविषयीच्या धारणा बदलत जातात, तो माणसांवर अविश्वास ठेवू लागतो, त्याला तीच स्वप्ने पडू लागतात. या प्रक्रियेला मॅक्कॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये परोक्ष आघात असे नाव दिले. त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे नियमित पर्यवेक्षण, म्हणजे अनुभवी व्यक्तीसमोर ठरलेल्या वेळी आपले काम आणि आपल्यावर झालेला परिणाम दोन्ही उघडपणे मांडणे. ज्या ठिकाणी ते मिळणार नाही तेथे क्षेत्रकार्य स्वीकारू नये, मग संस्था कितीही नावाजलेली असो.

क्षेत्रकार्यात पहिली भेट होण्यापूर्वी कायद्याने घातलेल्या मर्यादा माहीत असाव्यात. ‘पॉक्सो’च्या १९ व्या कलमानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे आणि ती न देणे हा २१ व्या कलमाखाली गुन्हा आहे, विद्यार्थी या तरतुदीला अपवाद नाही. त्यामुळे ‘तू सांगितलेले कोणालाही कळणार नाही’ असे वचन किशोरवयीन मुलीला किंवा मुलाला कधीही देऊ नये. बोलणे सुरू होण्यापूर्वीच, त्याला समजेल अशा शब्दांत, कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती पुढे सांगावी लागेल हे स्पष्ट करावे, म्हणजे किती सांगायचे याचा निर्णय त्याच्या हाती राहतो. वचन देऊन नंतर ते मोडणे म्हणजे ज्या प्रौढांनी त्याचा विश्वासघात केला त्यांच्या रांगेत जाऊन बसणे होय. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हाही गुन्हा असल्याने वहीत नाव, गाव, शाळा यांची नोंद करू नये. मुलाखत चालू असताना एखादी व्यक्ती अस्वस्थ झाली, तिची नजर शून्यात गेली किंवा ती आजूबाजूचे भान हरवल्यासारखी वाटली तर प्रश्न थांबवावेत, ती कोठे आहे व कोणाबरोबर आहे याची हलक्या आवाजात जाणीव करून द्यावी, पाणी द्यावे आणि पर्यवेक्षकाला कळवावे. अंगाला स्पर्श करून धीर देण्याची सवय असलेल्यांनी येथे स्वतःला आवरावे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’चा १४४१६, बालकांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक विद्यार्थ्याजवळ लिहिलेले असावेत, आणि ते देण्यापूर्वी एकदा स्वतः लावून ते त्या भागात लागतात का, मराठीत उत्तर मिळते का, हे पाहून घ्यावे.

प्रबंधासाठी आघात सोसलेल्या व्यक्तींच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर प्रथम त्या खरोखर आवश्यक आहेत का, याचा प्रामाणिक विचार करावा. पदवीच्या किंवा पदव्युत्तर टप्प्यावर संस्थांची कार्यपद्धती, न्यायनिवाडे, शासकीय अहवाल किंवा सेवा देणाऱ्यांचे अनुभव यांवरही मोलाचे काम करता येते आणि त्यासाठी कोणालाही पुन्हा आपली जखम उघडावी लागत नाही. मुलाखती घ्यायच्याच असतील तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे वाचून महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी मिळवावी, संमतिपत्र मराठीत आणि सोप्या वाक्यांत लिहावे, वाचता न येणाऱ्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मध्येच थांबण्याचा, एखाद्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा तसेच दिलेली मुलाखत ठरावीक मुदतीत मागे घेण्याचा अधिकार त्यात स्पष्ट नमूद करावा. ध्वनिमुद्रण मोबाइलवर तसेच पडू देऊ नये. ते लिहून काढल्यावर कधी आणि कोण नष्ट करील हे संमतिपत्रातच लिहिलेले असावे. लेखन पूर्ण झाल्यावर ज्या भागात त्या व्यक्तीचे शब्द वापरले आहेत तो भाग तिला वाचून दाखवावा, तिने वगळायला सांगितलेले वाक्य प्रबंधाच्या दृष्टीने कितीही महत्त्वाचे वाटले तरी वगळावे, आणि अंतिम प्रत सादर करण्यापूर्वी या पायरीसाठी किमान दोन आठवडे राखून ठेवावेत.